रक्त कोण पितो?

गडचिरोली जिल्ह्याला वर्षानुवर्षे रेल्वे शिवली ती फक्त देसाईगंजला, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या वडशाला. धान कापून झाले, भाऊबीज उरकली, की या गावातल्या नाटक कंपन्यांच्या कार्यालयांत बुकिंगसाठी गर्दी होते. मंडई असो की शंकरपट, चार गावे जमली की मंडप पडतो आणि मंडपात रात्रभर नाटक चालते. झाडीपट्टी रंगभूमीचे हे मुख्य ठाणे. याच वडशाच्या जंगलात ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘सीटी-१’ या नावाने ओळखला जाणारा वाघ बेशुद्ध करून पकडला गेला. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा या तीन जिल्ह्यांत मिळून त्याच्या नावावर १३ माणसांचे बळी होते.

नाटक आणि वाघ शेजारी ठेवले, कारण या लेखातला प्रश्न मला या दोहोंच्या मधल्या जागेत सापडला. मी चंद्रपूरला वाढलो. आमच्या गल्लीत एक खासगी वाचनालय होते. महिन्याचे चार रुपये, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. तिथे नारायण धारपांचे पुस्तक फळीवर कधी सापडत नसे; ते नेहमी कुणाकडे तरी गेलेले असे. रत्नाकर मतकरींचीही तीच गत. आणि एक जाडजूड ‘ड्रॅक्युला’ होता, पाने सुटलेला, दोऱ्याने बांधलेला, तोही सतत फिरता. ज्या जिल्ह्यात मोहफुले वेचायला पहाटे निघालेली बाई संध्याकाळी परत येईल याची खात्री नाही, जिथे पावसाळ्यात पायाखाली मण्यार असू शकते, तिथल्या माणसाला ट्रान्सिल्व्हेनियाच्या काउंटची भीती पैसे मोजून का हवी असते?

रक्तपिपासूच्या कथेच्या आकर्षणाची ठरलेली उत्तरे आपल्याला पाठ आहेत. दडपलेली कामवासना, अमरत्वाचा मोह, घराच्या सुरक्षित कोपऱ्यात बसून घेतलेला थरार. ती खोटी नाहीत. पण ज्याच्या घराचा कोपराच सुरक्षित नाही, त्याला यातले शेवटचे उत्तर लागू पडत नाही, आणि पहिली दोन उत्तरे ‘ड्रॅक्युला’ला जेवढी लागू आहेत तेवढीच इतर शंभर पुस्तकांनाही आहेत.

वाघापासूनच सुरुवात करू. वाघ माणूस मारतो, खातो. पण वाघाचा राग धरता येत नाही. जिथे माणूस मारला गेला तिथे दगडाला शेंदूर लागतो आणि वाघोबाला नारळ फुटतो. राग निघतो तो वनखात्यावर, आणि तो पुष्कळदा रास्त असतो. डासाचेही तेच. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा वाटा एकट्या गडचिरोलीचा आहे. पण डासाचे काही चुकले असे कुणी म्हणत नाही. वाघ, साप, डास हे तिन्ही निष्पाप आहेत. त्यांची भीती वाटते. त्यांना दोष देता येत नाही. आणि दुःख झाल्यावर माणसाला भीतीपेक्षा दोषाची गरज अधिक असते.

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ मे १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. आमच्या बल्लारशाहवरून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या काझीपेठवरून जिथे पोहोचतात ते हे सिकंदराबाद. रात्री येतो, झोपलेल्याचे रक्त पितो, चावल्याचे कळत नाही, आणि काही दिवसांनी माणूस पांढरा पडून खंगत जातो, हे वर्णन काउंटचे आहे आणि ॲनोफिलिसचेही. खरा रक्त पिणारा आणि कल्पनेतला रक्त पिणारा एकाच वर्षी जगापुढे आले. योगायोगच, पण जगाने दोघांतला कोण लक्षात ठेवला ते पाहण्यासारखे आहे.

आता कथेच्या आधीच्या रक्तपिपासूकडे जावे लागेल, कारण तो वेगळाच प्राणी होता. १७३२ च्या जानेवारीत हॅब्सबर्ग साम्राज्याच्या सर्बियातल्या सीमेवर मेद्वेजा नावाच्या गावी लष्करी शल्यचिकित्सक योहान फ्ल्युकिंगर यांनी एक अहवाल सही करून पाठवला. गावात लागोपाठ माणसे मरत होती. काही वर्षांपूर्वी मेलेला अर्नोल्ट पाओले हा हैदुक रक्तपिपासू झाला आणि त्याने इतरांना बाधा केली असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. थडगी उकरली गेली. ज्यांची प्रेते ‘ताजी’ दिसली त्यांची डोकी तोडून शरीरे जाळली आणि राख मोरावा नदीत टाकली. हा अहवाल युरोपभर गाजला आणि व्हॅम्पायर हा शब्द त्यानंतरच शहरी वाचकाच्या तोंडी बसला.

त्या अहवालातली माणसे कोण होती, ते मात्र फारसे कुणी वाचत नाही. एक साठीची बाई होती. एक वीस वर्षांची मुलगी होती, बाळंतपणात दगावलेली. तिचे मूलही गेले होते. आपल्याकडे बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते, तिलाच कुठे आलवंतीण म्हणतात. जिची सर्वांत अधिक कीव यावी तीच मेल्यावर सर्वांत भयंकर ठरते, हा न्याय मोरावेच्या काठी आणि वैनगंगेच्या काठी सारखाच. लोककथेतला रक्तपिपासू किल्ल्यात राहत नव्हता. तो शेजारी होता, गरीब होता, बहुधा म्हातारा किंवा बाई होता, आणि त्याला किल्ल्याची नव्हे तर आपल्याच भाऊबंदांच्या कुदळीची भीती होती. पुढे १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपले वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यांच्या सल्ल्यावरून थडगी उकरण्यावर बंदी घातली. म्हणजे युरोपातही हे प्रकरण साहित्याच्या आधी कायद्याचे होते.

आमच्याकडे ते अजून कायद्याचेच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात वणी खुर्द या गावी दलित कुटुंबांतल्या सात जणांना जादूटोण्याच्या संशयावरून चौकात बांधून मारहाण झाली. त्यांत बायका होत्या, म्हातारी माणसे होती. १ मे २०२४ रोजी, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा येथे एका बाईला आणि एका पुरुषाला जादूटोणा करतात म्हणून जिवंत जाळले गेले. १५ जणांना अटक झाली. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत एखाद्याला करणी करणारा ठरवून त्रास देणे हा गुन्हा आहे. मंत्राने जनावराचे दूध आटवतो असा आरोप करणेसुद्धा त्यात येते. कायदा करणाऱ्यांना गाव माहीत होते.

असा आरोप कुठून उगवतो? पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. आई-वडील दोघेही धडधाकट दिसतात, पण दोघेही वाहक असतात, आणि पोटचे मूल मात्र फिके पडत जाते. डोळे पिवळे, सांधे दुखतात, वारंवार ताप. गावात म्हणतात, ‘पोराच्या अंगात रक्तच नाही.’ वाक्य शब्दशः खरे आहे. त्यात हिवताप, त्यात कुपोषण. रक्त नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न भाषेतच दडलेला असतो: मग गेले कुठे? कोणी प्यायले? प्रयोगशाळेचे उत्तर येते तेव्हा कुणीच प्यायले नाही, तुमच्या दोघांच्याच रक्तात ते होते, असे येते. मूल गमावलेल्या आईबापाला याहून क्रूर उत्तर कोणते असेल? त्यापेक्षा गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी हे उत्तर सोपे असते. तिच्याकडे बोट दाखवणारा भगत काही नवे सांगत नसतो. सगळ्यांच्या मनातले नाव तो फक्त उच्चारतो.

ही पार्श्वभूमी ठेवून युरोपातल्या त्या तीन जुन्या कथांकडे पाहिले, की त्यांच्यात घडलेला बदल ठळक दिसतो. पहिली कथा जॉन पोलिडोरीची, १८१९ ची. पोलिडोरी हा बायरनचा डॉक्टर. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’चा जन्म ज्या १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी झाला, त्याच मैफलीतून ‘द व्हॅम्पायर’ निघाली. कथा म्हणून ती सामान्यच आहे. पण तिने एक काम केले: रक्तपिपासूला गावाबाहेरच्या थडग्यातून काढून लंडनच्या दिवाणखान्यात बसवले आणि त्याला लॉर्ड केले. लॉर्ड रुथव्हेन. त्या दिवसापासून बोटाची दिशा बदलली. खाली, शेजारच्या झोपडीकडे रोखलेले बोट वर, हवेलीकडे वळले. माझ्या मते या कथाप्रकाराच्या दीर्घायुष्याचे मूळ या एका वळणात आहे. दात, वटवाघूळ, काळा झगा हे सगळे त्या वळणानंतरचे दागिने.

दुसरी कथा शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’, १८७१-७२ ची. तिच्यावर आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक दोन तरुणींमधल्या ओढीवर. ते योग्यच आहे, कारण ती ओढ फार नाजूकपणे लिहिली आहे. पण चंद्रपूरचा वाचक एका वेगळ्याच ठिकाणी थांबतो. लॉरा आणि तिची पाहुणी कार्मिला झाडाखाली बसलेल्या असतात आणि समोरून एक अंत्ययात्रा जाते. मेलेली मुलगी जंगलातल्या रेंजरची. त्याआधी आसपासच्या वस्तीतली एक गरीब बाईही अशीच अचानक तापाने गेलेली. कार्मिला त्या प्रार्थनेच्या सुरानेच चिडते आणि आपण खेडुतांसाठी डोके शिणवत नाही अशा अर्थाचे काही बोलून जाते. लॉराचे रक्त ती आठवडे-आठवडे, प्रेमाने, जपून पिते. रेंजरच्या मुलीला मात्र पंधरवड्यात संपवते. श्रीमंत मुलीच्या वाट्याला शोकांतिका, गरीब मुलीच्या वाट्याला एक ओळ. ले फानू आयर्लंडचा, दुष्काळ पाहिलेल्या देशातला. ही गोष्ट त्याने नकळत लिहिली असे मला वाटत नाही. ज्यांच्या घरात वनरक्षक आहेत, वनमजूर आहेत, असे माझे कितीतरी ओळखीचे आहेत. त्यांच्यापैकी ज्याला मी हा प्रसंग सांगितला त्याला लॉरा नंतर आठवली नाही, रेंजरची मुलगी आठवली.

तिसरे अर्थातच ‘ड्रॅक्युला’. स्टोकरविषयी एक माहिती मला फार उपयोगी वाटत आली आहे. त्याचे पहिले पुस्तक भुताखेतांचे नव्हते. ते होते आयर्लंडमधल्या कनिष्ठ न्यायालयांच्या कारकुनांची कर्तव्ये सांगणारे नियमपुस्तक, १८७९ चे. तो स्वतः डब्लिनच्या सरकारी कचेरीत कारकून होता. ट्रान्सिल्व्हेनिया त्याने कधी पाहिला नाही. तिथल्या समजुती त्याने एमिली जेरार्डच्या १८८५ च्या लेखातून घेतल्या. पण कचेरी त्याने पाहिली होती. म्हणूनच त्याचा काउंट इंग्लंडवर स्वारी करतो ती वकिलाकरवी. कादंबरीची सुरुवातच मुळी जागेच्या खरेदीखतासाठी निघालेल्या तरुण वकिलाच्या प्रवासाने होते. काउंटच्या ग्रंथालयात इंग्लंडचे कायदे आहेत, रेल्वेचे वेळापत्रक आहे. मातीने भरलेल्या ५० पेट्या तो रीतसर माल म्हणून पाठवतो, पावत्यांसह. त्याच्या एकाही कागदात खोट नाही.

जिथे जमीन, जंगल, बांबू, कोळसा, लोहखनिज हे सगळे कागदावर आधी जाते आणि मग डोळ्यांदेखत जाते, तिथे या काउंटची ओळख पटायला वेळ लागत नाही. बोलावल्याशिवाय तो उंबरठा ओलांडत नाही, ही अट पुस्तकात वाचताना मला सावकारी पाशाच्या गोष्टी आठवतात. सावकारही बोलावल्याशिवाय येत नाही. लेकीच्या लग्नाला, बियाण्याला, दवाखान्याला आपणच त्याला बोलावतो आणि उंबरठ्यावर अंगठा उमटवतो. मार्क्सने ‘भांडवल’मध्ये भांडवलाला रक्तपिपासूची उपमा दिली ती १८६७ मध्ये, स्टोकरच्या ३० वर्षे आधी. आपल्या भाषेला त्यासाठी कुणाचे पुस्तक लागले नाही. रक्त आटवणे, रक्त शोषणे, जळूसारखे चिकटणे हे शब्द कर्जाच्या संदर्भात इथे कधीपासून आहेत.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता आणि काउंट आपल्या बाजूचा ठरला असता. पण ‘ड्रॅक्युला’त लूसी आहे.

लूसी वेस्टेन्रा ही हसरी, श्रीमंत, लग्न ठरलेली मुलगी. काउंट तिला रोज रात्री थोडी थोडी पितो. चार पुरुष एकामागून एक तिला आपले रक्त देतात. रक्तगटांचा शोध अजून तीन-चार वर्षे दूर होता, त्यामुळे खरे तर या चौघांच्या रक्तानेच ती कदाचित मेली असती, पण ते असो. ती मरते, आणि मग थडग्यातून उठून लहान मुलांना नेऊ लागते. तेव्हा ते चौघे, त्यांत दोन डॉक्टर आणि तिचा नियोजित वर, कंदील घेऊन तिच्या थडग्यात उतरतात. वर तिच्या छातीत खुंटा ठोकतो. डॉक्टर तिचे डोके कापतात आणि तोंडात लसूण भरतात. हे सगळे स्टोकरने भक्तिभावाने लिहिले आहे. काम झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर शांती येते.

हे प्रकरण मी विशीत वाचले तेव्हा सुटकेचा श्वास सोडला होता. बारसेवाड्याची बातमी आल्यानंतर पुन्हा वाचले आणि पुस्तक मिटवून ठेवले. मेद्वेजात जे गावकऱ्यांनी केले तेच इथे लंडनचे सुशिक्षित लोक करतात: तरुण बाईचे थडगे, तीक्ष्ण लाकूड, आणि आपण हे तिच्याच भल्यासाठी करतो आहोत ही श्रद्धा. फरक एवढाच की लूसी खरोखर रक्तपिपासू झाली आहे याची हमी लेखक देतो. त्याच्या हमीवर आपण खुंट्याला हात लावतो. काउंटकडे वळलेले बोट या एका प्रकरणात परत खाली, बाईकडे वळते आणि आपल्याला ते कळतही नाही. खात्रीचा आनंद या कथाप्रकारात भीतीच्या आनंदाइतकाच जुना आहे, आणि तो मला अधिक धोकादायक वाटतो. गावात जमलेल्या गर्दीलाही तशीच खात्री असते. फक्त तिथे हमी देणारा लेखक नसून भगत असतो.

कारकून स्टोकरला हे कुठेतरी खुपत असावे. ‘ड्रॅक्युला’ ही सगळी रोजनिश्या, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणे अशा कागदांनी बनलेली आहे. ‘कार्मिला’च्या शेवटीही सरकारी आयोगाचा सहीनिशी अहवाल असल्याचा उल्लेख आहे. फ्ल्युकिंगरच्या १७३२ च्या सहीची ही वंशावळ. पुरावा, पुरावा, पुरावा. आणि मग कादंबरीच्या अगदी शेवटी हार्कर एक टीप लिहितो: एवढ्या ढिगात अस्सल म्हणावा असा कागद जवळजवळ एकही नाही, सगळे टंकलिखित, यावर कुणी विश्वास ठेवावा असे आम्ही म्हणू शकत नाही. न्यायालयात कागद सांभाळलेल्या माणसाने हे लिहिले आहे. टंकलेखित प्रत पुराव्यात किती टिकते ते त्याला नक्की ठाऊक होते. काउंट गेला, लूसी गेली, आणि हातात राहिले ते कुठल्याही कोर्टात न टिकणारे बाड. या टिपेसाठी मी स्टोकरला लूसीच्या प्रकरणाची थोडी माफी देतो.

मराठीत रक्तपिपासू उशिरा आला, आणि बाहेरून आला. आपला वेताळ त्या जातीचा नव्हे. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळकथांना इंग्रजी रूप देताना पुस्तकाच्या नावातच वेताळाला व्हॅम्पायर केले, आणि तेव्हापासून इंग्रजी वाचकाचा गोंधळ चालूच आहे. ‘वेताळपंचविशी’तला वेताळ झाडाला लटकतो, प्रेतात शिरतो हे खरे, पण तो राजाचे रक्त पीत नाही, त्याला कोडी घालतो आणि शेवटी त्याचे प्राण वाचवतो. कोकणात तर तो गावाचा राखणदार आहे. आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात, कारण रात्री गावाभोवती फिरून त्याच्या वहाणा झिजतात. अशा देवाला काउंट कसा करणार?

म्हणून धारपांना (१९२५–२००८) तो आणावा लागला. ‘लुचाई’चा सांगाडा स्टीफन किंगच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’चा आहे हे आता वाचकांत सर्वश्रुत आहे. किंगच्या कादंबरीत एक परका श्रीमंत माणूस गावातले बदनाम घर विकत घेतो आणि एकेक घर करत गाव आतून विझत जाते. मराठी गावात आणताना क्रॉस आणि पवित्र पाणी चालणार नव्हते. धारपांच्या एकूण लेखनात त्या जागी साधना येते, मंत्र येतो, आणि ‘समर्थ’सारखा जाणता पुरुष येतो. समीक्षकांनी धारपांना ‘रूपांतरकार’ म्हणून बाजूला ठेवले ते मला अन्यायाचे वाटते. घरभाडे, बदली, स्वस्तात मिळालेला वाडा या मध्यमवर्गीय तपशिलांतून अमंगळ आत शिरू देण्याचे त्यांचे कसब अस्सल मराठी आहे. त्यांच्या ‘आजी’ या कथेतून पुढे ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाला बीज मिळाले, आणि त्या चित्रपटातला हस्तर हा लोभाचा राक्षस आहे, वाड्याच्या गर्भात बसलेला.

पण माझी खरी अडचण आहे ती त्या जाणत्या पुरुषापाशी. धारपांचा समर्थ कधी चुकत नाही. अमुक घरात, अमुक व्यक्तीत अशुभ आहे असे त्याने म्हटले की ते असतेच. पुण्याच्या वाचकाला यात दिलासा मिळतो. आमच्याकडे तोच दिलासा वेगळ्या नावाने मिळतो आणि त्याची किंमत गावाच्या टोकाच्या बाईला मोजावी लागते. धारपांनी हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. पाश्चात्त्य सांगाड्यातल्या व्हॅन हेल्सिंगची ती गरजच आहे. तरी असे वाटते की धारपांच्या हातून एक तरी कथा अशी यायला हवी होती जिच्यात समर्थ चुकतो.

पडद्यावर हे बोट वर रोखलेलेच राहिले. रामसे बंधूंचा ‘बंद दरवाजा’ १९९० चा. अनिरुद्ध अग्रवालने केलेला तो धिप्पाड नेवला, काळी पहाडी, मुलासाठी तिथे जाणारी ठाकूरघरची बाई. आमच्या व्हिडिओ पार्लरात तो कितव्यांदा लागला याची मोजदाद नव्हती. पडद्यासमोर शिट्ट्या असत, हसू असे. पण नेवला किल्ल्यातला होता, गल्लीतला नव्हता, आणि घरी जाताना कुणी शेजारणीच्या दारापुढून लिंबू ओलांडून गेले नाही.

झाडीपट्टीच्या मंचावर मी अजून काउंट पाहिलेला नाही. त्याची उणीवही भासत नाही. मी पाहिलेल्या नाटकांत खलनायक बहुधा सावकार, नाहीतर पाटील. पांढरेशुभ्र कपडे, बोटांत अंगठ्या, आणि खिशात कुणाच्या तरी अंगठ्याचा कागद. गेल्या हिवाळ्यात नागभीडच्या बाजूला एका मंडईत नाटक पाहत होतो. रात्रीचे तीन वाजून गेलेले, तणसावर अंथरलेल्या ताडपत्रीवर पोरे आडवी झालेली, मंडपामागे शेकोटी. मंचावर सावकार गहाणाचा कागद दाखवून नायिकेच्या बापाला खोलीबाहेर जायला सांगत होता. माझ्या पुढे एक म्हातारी बसली होती, डोईवरून लुगड्याचा पदर, मांडीवर झोपलेला नातू. ती इतका वेळ पेंगत होती. सावकाराने कागद नाचवला तशी ती ताठ झाली आणि मंडपभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘हाच व्हय तो.’ लोक हसले. नट क्षणभर थबकला, तिच्याकडे पाहिले, आणि कागद खिशात ठेवून पुढचे वाक्य म्हणाला.